विस्मरणाचा भार एकट्या घराने किती वाहायचा?

जॉर्ज फर्नांडिस यांच्या एका हाकेवर मुंबई थांबत असे. मंगळूरहून १९४९ साली या शहरात आलेला हा तरुण टॅक्सीचालकांचा, महापालिकेच्या आणि बेस्टच्या कामगारांचा नेता झाला. १९६७ साली त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याचा पराभव केला. १९७४ च्या मे महिन्यातला देशव्यापी रेल्वे संप त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला. पुढे रेल्वेमंत्री म्हणून कोकण रेल्वे प्रत्यक्षात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ते संरक्षणमंत्री होते. मराठीसह अनेक भाषा सफाईने बोलणारा, सभा गाजवणारा हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या दशकात अल्झायमरने हळूहळू सगळं हरवून बसला.

२०१० साली त्यांच्या देखभालीवरून जवळच्या माणसांमध्ये वाद झाला आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यांनी कुठे राहायचं, कुणाच्या देखरेखीखाली राहायचं, त्यांना कोणी आणि केव्हा भेटायचं, हे न्यायालयाला ठरवावं लागलं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या वादात कुणाचं बरोबर होतं, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या घरात नाव होतं, ओळखी होत्या, उत्तम वकील होते, त्या घरालाही या आजाराच्या वाटेवर सरकारने आखून दिलेला एकही रस्ता सापडला नाही. मग सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या, चिपळूणच्या निवृत्त शिक्षिकेच्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या कुटुंबाने कुणाकडे बघायचं?

हा लेख त्या रस्त्यासाठी आहे. अल्झायमर आणि एकूणच स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हा घरातल्या घरात उरकायचा खासगी प्रश्न राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे. त्यासाठी लागणारे बरेचसे तुकडे आपल्याकडे आधीपासून आहेत. ते जोडायचे राहिले आहेत.

किती माणसं, कोणती माणसं

भारतात साठीपुढच्या माणसांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण किती, हे शोधण्यासाठी 'लासी-डॅड' नावाचा देशव्यापी अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा त्याचा अंदाज आहे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असं हेच संशोधक सांगतात. २०१० च्या 'डिमेन्शिया इंडिया' अहवालात हा अंदाज ३७ लाखांचा होता. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे आजार दुपटीहून जास्त वाढला, असं म्हणता येत नाही. पण आपण या प्रश्नाचा आकार बराच लहान समजत होतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

त्या आकड्यांच्या आत शिरलं की आणखी एक गोष्ट दिसते. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. हा सुखवस्तू शहरी म्हाताऱ्यांचा आजार, हा आपल्या मनातला समज चुकीचा आहे. ज्या बाईला शाळा बघायला मिळाली नाही, जिचा रक्तदाब कधी मोजला गेला नाही, जिला कमी ऐकू येतं म्हणून घरात कुणी फारसं बोलत नाही, तिला धोका अधिक. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाला हातभार लावणारे आणि टाळता येण्याजोगे १४ घटक सांगितले. अपुरं शिक्षण, बहिरेपणा, न सुधारलेली दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचं धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला झालेली इजा आणि हवेचं प्रदूषण. हे सगळे घटक दूर करता आले, तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबवता येतील, असं आयोगाचं म्हणणं आहे. या यादीतली किती कामं एकट्या कुटुंबाच्या हातात आहेत? मुलींची शाळा, प्राथमिक केंद्रातली रक्तदाबाची गोळी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, स्वच्छ हवा. यातलं बहुतेक शासनाच्याच अखत्यारीतलं आहे.

डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्क्यांच्या मुळाशी अल्झायमर असतो. मेंदूत अमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे विकृत साठे तयार होतात आणि चेतापेशी मरत जातात. लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी ही प्रक्रिया सुरू झालेली असते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न उमगणं वेगळं. आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकणं, संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणून दाराशी उभं राहणं, सुनेने दागिने चोरले असा ठाम संशय धरणं: हे वयाचं साधं विसरणं नव्हे. तरीही 'वय झालंय, चालायचंच' एवढ्यावर हजारो घरांत विषय मिटतो आणि डॉक्टरांपर्यंत जाईस्तोवर काही वर्षं निघून गेलेली असतात.

'औषधच नाही, तर निदान कशाला?'

सरकारी कचेरीपासून कौटुंबिक बैठकीपर्यंत सगळीकडे हा प्रश्न ऐकू येतो. त्याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं.

विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूवर साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, यांनीही स्मरणशक्ती आणि वागणं बिघडतं. यातल्या कित्येक गोष्टींवर उपचार आहेत, काहींवर तर अगदी स्वस्तातले. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. एका साध्या रक्ततपासणीअभावी बरा होऊ शकणारा माणूस 'गेला कामातून' म्हणून कोपऱ्यात बसवला जात असेल, तर तो आरोग्यव्यवस्थेचा दोष आहे.

आजार अल्झायमरच असेल, तरी डोनेपेझिल, रिवास्टिग्मीन, मेमॅन्टीन यांसारखी जेनेरिक औषधं काही रुग्णांना काही काळ आधार देतात. अमेरिकेत २०२३ साली लेकॅनेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या नव्या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात ती घसरण काहीशी मंदावतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात ही घसरण २७ टक्क्यांनी कमी दिसली. ती महाग आहेत, त्यांच्यासाठी मेंदूचे वारंवार स्कॅन लागतात, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. आज त्यांच्या भरवशावर राज्याचं धोरण उभं राहू शकत नाही. पण ज्या राज्यात निदानाचीच सोय नसेल, तिथे उद्या याहून चांगलं आणि स्वस्त औषध आलं तरी ते योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचणार नाही.

लवकर निदानाचं सगळ्यात मोठं मोल वेगळंच आहे. माणूस अजून स्वतःचं मत सांगू शकतो तोवर त्याला विचारता येतं. तुम्हाला कुठे राहायचं आहे? व्यवहार कुणी बघावेत? शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत? उशिरा झालेलं निदान हा हक्क हिरावून घेतं.

पगार नसलेली नोकरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि त्यातले साठ टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. २०१९ साली या आजाराचा जगावर पडलेला खर्च १ लाख ३० हजार कोटी डॉलर होता. त्यातला जवळजवळ निम्मा खर्च म्हणजे घरच्यांनी विनामोबदला केलेल्या देखभालीची किंमत. या देखभालीचे सत्तर टक्के तास स्त्रिया देतात.

आपल्याकडे हे सत्तर टक्के म्हणजे सून, मुलगी आणि स्वतः सत्तरीला आलेली बायको. रात्री तीनदा उठायचं, गॅसचा कॉक बंद आहे का बघायचं, बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावायचं, आंघोळीसाठी दीड तास मनधरणी करायची आणि शिव्या खायच्या. नोकरी सोडायची ती बहुधा तिनेच. शहरात ज्यांना परवडतं ते ब्यूरोतून चोवीस तासांची मावशी आणतात. या मावशींना डिमेन्शियाच्या रुग्णाशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण बहुतेक वेळा नसतं, त्यांच्या कामाचे तास आणि पगार यांवर कुणाची देखरेख नसते. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत, आणि गावात एक म्हातारं दुसऱ्या म्हाताऱ्याला सांभाळतंय, हे चित्र आता कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे दिसतं.

सरकारने या घरांसाठी काहीच केलेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यातून ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये दिले जातात. पण आयुष्मानचं संरक्षण दवाखान्यात दाखल झाल्यावरचं आहे. डिमेन्शियाचा खरा खर्च होतो तो घरात, आठ-दहा वर्षं, डायपर, मावशी आणि बुडालेल्या पगाराच्या रूपाने. तिथवर ही योजना पोचत नाही.

कायद्यात लिहिलेलं, फॉर्मात विचारलेलं

आता आपल्याकडे आधीच काय आहे ते बघू.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याची चर्चा होते ती मुलांकडून पोटगी मागण्यापुरती. त्याच कायद्याचं कलम २० शासनाच्या कर्तव्याबद्दल बोलतं. दीर्घकालीन, असाध्य आणि शरीर झिजवत नेणाऱ्या आजारांच्या उपचारांची सोय ज्येष्ठांसाठी वाढवावी, वार्धक्यातल्या आजारांवरचं संशोधन वाढवावं, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्ध रुग्णांसाठी राखीव सुविधा असाव्यात, हे सगळं त्या कलमात आहे. मेंदू झिजवत नेणाऱ्या या आजाराला याहून जवळचं वर्णन दुसरं कोणतं असेल? संसदेने हे लिहून दिल्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला.

दुसरी गोष्ट आणखी जवळची, थेट आपल्या दारातली. तिशीपुढच्या माणसांच्या मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या चाळणीसाठी आशाताई घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरतात. आरोग्य खात्यात ती 'सीबॅक' या नावाने ओळखली जाते. साठीपुढच्यांसाठी त्यात काही वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा: तुम्ही जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? दुसरा असा: जेवण, कपडे, आंघोळ, शौच यांसाठी तुम्हाला दुसऱ्याची मदत लागते का? 'होय' असं उत्तर आलं, तर वैद्यकीय अधिकारी असलेल्या जवळच्या केंद्रात पाठवा, अशी सूचना आहे.

म्हणजे राज्य हा प्रश्न विचारतं आहे. गावोगावी, दारोदारी, सरकारी कागदावर. त्या 'होय'चं पुढे काय व्हायला हवं, यावर या मागणीचा सगळा भार आहे. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना डिमेन्शिया ओळखायचं प्रशिक्षण हवं. त्यांच्या हातात मराठीत तयार झालेली आणि निरक्षर माणसालाही न्याय देणारी चाचणी हवी. शंभरातून सात वजा करा, असा प्रश्न शाळेत कधी न गेलेल्या आजीला विचारला, तर ती नापास होते, मग तिचा मेंदू तल्लख का असेना. हरयाणातल्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात याच कारणासाठी निरक्षर ग्रामीण वृद्धांना साजेशी हिंदी चाचणी घडवली गेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुढे बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांचा जो संच तयार केला, त्याच्या पहिल्या आवृत्तीत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषा होत्या. राज्याची वैद्यकीय महाविद्यालयं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि भाषेचे अभ्यासक यांनी मिळून अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या वृद्धांवर पारखून घेतलेला मराठी संच प्रत्येक केंद्रात पोचवावा. यात खर्चापेक्षा इच्छा जास्त लागते.

गोव्याने दाखवलेली वाट

निदान झाल्यावर घराला काय द्यायचं? याचं उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. ते सावंतवाडीच्या पलीकडे सापडतं.

१९९८ साली कोचीत जगभरच्या संशोधकांचा एक गट स्थापन झाला: '१०/६६ डिमेन्शिया रिसर्च ग्रुप'. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तिथे होणारं संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, ही विषमता त्या नावातच नोंदलेली आहे. या प्रेरणेतून गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगत' संस्थेच्या कामातून एक प्रयोग केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं त्यांनी निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी सहा महिने एक प्रशिक्षित सल्लागार जात राहिली.

ही सल्लागार डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेली, वृद्धांसाठी काम करायची आस्था असलेली, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. किमान पंधरवड्यातून एकदा ती घरी जायची. आजार काय आहे हे घरच्यांना समजावून सांगायची. रुग्ण एकच प्रश्न शंभरदा विचारतो, रात्री भटकतो, चिडतो, तेव्हा काय करायचं हे दाखवायची. घरातल्या इतरांना थोडं थोडं काम वाटून घ्यायला लावायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची, इतर कुटुंबांशी गाठ घालून द्यायची. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ होतेच. सहा महिन्यांनी मोजलं, तेव्हा देखभाल करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं होतं आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. रुग्णाच्या आजारात मात्र म्हणावा असा फरक पडला नव्हता.

हा निष्कर्ष नीट वाचायला हवा. आजार तोच राहिला आणि घर सावरलं. गोव्यातल्या त्या सल्लागार बाईत आणि आपल्या आशाताईत फारसं अंतर नाही. प्रत्येक तालुक्यात अशा काही सल्लागार, योग्य मानधनावर आणि जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नेमता येतील. आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंच्या डोक्यावर विनामोबदला आणखी एक वही ठेवणं मात्र नको.

दक्षिणेतली राज्यं पुढे गेली आहेत. केरळने २०१४ साली डिमेन्शियासाठी राज्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि 'स्मृतिपथम' या नावाने दिवसभराची व पूर्णवेळची देखभाल केंद्रं चालवली. त्याच राज्यात 'आश्वासकिरणम' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम अगदी तुटपुंजी आहे. तरीही घरातल्या देखभालीला शासनाने काम म्हणून मान्यता दिली, हे तत्त्व त्यातून उभं राहिलं. कर्नाटकाने बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेसोबत मेंदू-आरोग्याचा उपक्रम हाती घेतला आणि जिल्हा पातळीवर दवाखाने उघडले. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. महाराष्ट्राने दिल्लीची वाट बघत बसण्याचं कारण नाही.

आधी घरं बोलली, मग सरकारं हलली

सरकारं आपणहून जागी झाली, असं कुठेच घडलेलं नाही.

जपानात १९८० साली क्योतो शहरात रुग्णांच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना काढली. २००० साली तिथे दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू झाला. २००५ पासून शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पोलीस, दुकानदार, शाळकरी मुलं यांना दीड तासाचं प्रशिक्षण देऊन 'डिमेन्शिया साथी' बनवायची मोहीम सुरू झाली. अशा साथींची संख्या आज दीड कोटीच्या पुढे आहे.

आणि मग ओबु शहरातला खटला आला. डिसेंबर २००७ मध्ये ९१ वर्षांचे एक डिमेन्शियाग्रस्त गृहस्थ घरातून बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून वारले. सांभाळणाऱ्या ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला होता. गाड्या उशिराने धावल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावर नुकसानभरपाईचा दावा लावला. २०१३ साली जिल्हा न्यायालयाने सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितले, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ती रक्कम निम्म्यावर आणून पत्नीकडून मागितली. देश ढवळून निघाला. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला पूर्ण मोकळं केलं. २०२३ साली जपानच्या संसदेने डिमेन्शियाचा मूलभूत कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. डिमेन्शिया असलेल्या माणसांनी सन्मानाने आणि आशेने जगता यावं, हे त्या कायद्याचं उद्दिष्ट आहे आणि धोरण ठरवताना त्यांचं व त्यांच्या कुटुंबांचं मत विचारात घेणं तिथे अपेक्षित आहे.

अमेरिकेत शिकागोचे उद्योजक जेरोम स्टोन यांच्या पत्नीला १९७० साली अल्झायमरचं निदान झालं. विचारायला कुणी नव्हतं. दहा वर्षांनी त्यांच्या पुढाकाराने अल्झायमर असोसिएशन उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८३ साली नोव्हेंबर हा अल्झायमर जागृतीचा महिना जाहीर केला आणि १९९४ च्या नोव्हेंबरात स्वतःलाच हा आजार झाल्याचं देशवासीयांना पत्र लिहून कळवलं. कुटुंबं वर्षानुवर्षं लोकप्रतिनिधींची दारं ठोठावत राहिली. त्यातून झालेल्या राष्ट्रीय अल्झायमर प्रकल्प कायद्यावर ४ जानेवारी २०११ रोजी बराक ओबामांनी सही केली. दोन्ही पक्षांनी तो एकमताने मंजूर केला होता. त्या वेळी अल्झायमरच्या संशोधनावर सरकारचा वार्षिक खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर होता. बारा-तेरा वर्षांत तो ३५० कोटींच्या पुढे गेला.

भारतात हे काम १९९२ पासून 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' करते आहे. कोचीत डॉ. जेकब रॉय यांनी ती स्थापन केली. २०१० चा अहवाल तिचाच. २०१८ साली तिने देशासाठी धोरणाचा आराखडाही मांडला. त्याआधी मे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने डिमेन्शियाचा जागतिक कृती आराखडा स्वीकारला होता. २०२५ पर्यंत तीन चतुर्थांश देशांनी आपापली धोरणं करावीत, हे त्याचं लक्ष्य होतं. ते हुकलं आणि मुदत २०३१ पर्यंत वाढवली गेली. वाढीव मुदतीची ही वर्षं भारताने आणि महाराष्ट्राने वाया घालवू नयेत.

मराठी कलावंतांनी आपलं काम केलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेला संस्कृत पंडित उभा केला. हत्तीमागे चालत हरवलेल्या त्या वृद्धाला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण हरवलेल्या प्रत्येक वृद्धाला अशी माउली भेटेल, या भरवशावर राज्य चालत नसतं.

सही जुळत नाही तेव्हा

एक मोठी अडचण दवाखान्याबाहेरची आहे. आजारी माणसाच्या नावावर घर आहे, मुदतठेव आहे, पेन्शन आहे, आणि त्याच पैशातून त्याची देखभाल करायची आहे. बँकेत सही जुळत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ होते. घरच्यांना वाटतं, मुखत्यारपत्र करून ठेवलंय, काम भागेल. ते भागत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारा माणूस विकल मनाचा झाला की ते संपुष्टात येतं. ज्या क्षणासाठी कागद केला, त्याच क्षणी तो निरुपयोगी होतो.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी न्यायालयाकडून पालक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या नव्या कायद्याने रुग्णाचे हक्क भक्कम केले, उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र आणि नामनिर्देशित प्रतिनिधी या चांगल्या तरतुदी आणल्या, पण मालमत्तेची ती सोय त्यात राहिली नाही. राष्ट्रीय न्यास कायदा पालकत्व देतो, मात्र तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. म्हणून कुटुंबांना घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अनेक प्रकरणांत माणुसकीने आदेश दिले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक तत्त्वंच घालून दिली. तरी नवऱ्याच्या औषधासाठी नवऱ्याचीच ठेव मोडायला गडचिरोलीच्या बाईने उच्च न्यायालय गाठायचं, ही व्यवस्था चालू ठेवण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने, माणसाची समज गेल्यानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. भारताच्या संसदेने तसा कायदा करावा, आणि तोवर जिल्हा न्यायालयात, ठरावीक मुदतीत आणि गैरवापराला आळा घालणाऱ्या अटींसह पालक नेमण्याची सोय व्हावी.

मागायचं काय, मागायचं कुणाकडे

'एवढे पैसे कुठून आणायचे?' असं विचारलं जाईल. पैसा आजही खर्च होतोच आहे, तो बायकांच्या सोडलेल्या नोकऱ्यांतून आणि मोडलेल्या ठेवींतून जातो. 'आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे', असंही सांगितलं जाईल. ती भक्कम राहावी असं वाटत असेल, तर तिला हात द्यावा लागतो. गोव्यात नेमकं तेच सिद्ध झालं.

महाराष्ट्राकडे मागणी अशी आहे. डिमेन्शियाला राज्याने सार्वजनिक आरोग्याचा अग्रक्रम म्हणून जाहीर करावं आणि मुदत व निधी ठरवून कृती आराखडा काढावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी नियमित चालणारा स्मृतिविकार बाह्यरुग्ण विभाग असावा आणि आशाताईंच्या प्रश्नावलीतल्या प्रत्येक 'होय'ची तिथवर नोंद पोचावी. प्रत्येक तालुक्यात घरी जाणारे प्रशिक्षित सल्लागार असावेत. दर जिल्ह्यात निदान एक दिवसभराचं देखभाल केंद्र आणि काही दिवस रुग्णाला ठेवून घेणारी विसाव्याची सोय असावी, म्हणजे त्या सुनेला दवाखान्यात जाता येईल, लग्नाला जाता येईल, झोपता येईल. पूर्णवेळ देखभाल करणाऱ्या घरच्या माणसाला मासिक मानधन मिळावं. ब्यूरोतून काम करणाऱ्यांना प्रशिक्षण आणि संरक्षण मिळावं. जपानच्या पोलिसांकडे २०२३ साली एकोणीस हजारांहून अधिक डिमेन्शियाग्रस्त व्यक्ती हरवल्याच्या नोंदी झाल्या. आपल्याही पोलीस ठाण्यांनी हरवलेल्यांच्या नोंदीत या आजाराचा वेगळा रकाना ठेवावा आणि शोध तात्काळ सुरू करावा.

हे मागायला माणसं लागतील, आणि ती आपल्याकडे आहेत. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची राज्यव्यापी 'फेस्कॉम' आहे. त्यांनी आपल्या ठरावांत ही मागणी घ्यावी. ग्रामसभेत हा विषय निघू द्या. जिल्हा नियोजन समितीकडे देखभाल केंद्रासाठी लेखी प्रस्ताव जाऊ द्या. आणि जे कुटुंब हे सोसतं आहे त्याने 'लोक काय म्हणतील' हा विचार सोडून आपली गोष्ट उघडपणे सांगावी, कारण जपानात आणि अमेरिकेत सुरुवात तिथूनच झाली.

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला एक पत्र लिहा आणि एकच तारांकित प्रश्न विचारायला सांगा: जवळच्यांची नावं विसरतो असं आशाताईंना सांगणाऱ्या किती ज्येष्ठांची आमच्या जिल्ह्यात तपासणी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या घरापर्यंत कोणती मदत पोचली? सभागृहात या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. उत्तर नकारार्थी आलं, तर पुढच्या अर्थसंकल्पात ते बदलायला लावणं हे आपलं काम आहे.